व्यपगत

मोजणीवाले आले त्या दिवशी आम्ही कुरडया वाळत घातल्या होत्या. मार्च संपत आला होता. आमच्या गल्लीतल्या चार-पाच जणी दरवर्षी ग्राउंडच्या कडेला प्लास्टिकचे मोठे कागद अंथरतो, कोपऱ्यांवर विटा ठेवतो आणि आळीपाळीने राखण करतो. त्या सकाळी पाळी माझी होती. तिघं जण आले. एकाच्या खांद्यावर तिपाई, दुसऱ्याच्या हातात लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी. तिसरा हातातला नकाशा बघत चालत होता. माझ्यापाशी येऊन तो अदबीने म्हणाला, "ताई, तेवढा कागद जरा बाजूला घेता का? आमच्या लाइनीत येतोय."

कसली लाइन, हे मी विचारलंसुद्धा नाही. शेजारणीला हाक मारली, दोघींनी दोन-दोन टोकं धरली आणि ओल्या कुरडयांसकट कागद अलगद उचलून दुसरीकडे नेला. उन्हात आलेत म्हणून त्यांना पाणीही दिलं. पुढे कितीतरी महिने कॉलनीत विषय निघायचा, "पहिल्याच दिवशी अडवायला हवं होतं." अशा वेळी मी गप्प बसायचे. पहिल्या दिवशी मीच त्यांना जागा करून दिली होती.

आमची कॉलनी सातपूरच्या कारखान्यांत कामाला असलेल्या लोकांनी सोसायटी करून बांधलेली. एकाला एक लागून बैठी घरं, मग ज्याने त्याने जमेल तसा वर एकेक मजला चढवलेला. माझे सासरे पहिल्या सभासदांपैकी. मी लग्न होऊन आले तेव्हा घराला गिलावाही नव्हता, पण दार उघडलं की समोर ग्राउंड होतं. तीन बाजूंना आमच्या घरांच्या ओळी, चौथ्या बाजूला रस्ता, मध्ये ती मोकळी जागा. हिरवळ वगैरे काही नव्हती. पावसाळ्यात गुडघाभर गवत, दिवाळीनंतर धूळ आणि कडेने गाजरगवत. मध्यभागी पोरांनी कुणाच्या तरी स्लॅबचं उरलेलं सिमेंट ओतून केलेलं वाकडंतिकडं पिच. एका कोपऱ्यात जुनी विहीर होती, ती मुलं पडतील म्हणून कॉलनीने सुरुवातीलाच बुजवलेली. तिथली जमीन थोडी खचलेली राहायची, पावसात तळं साचायचं, एवढंच.

गणपतीचा मांडव तिथे, होळी तिथे, लग्नाच्या पंगती तिथे. बत्तिसाव्या वर्षी मी स्कूटी चालवायला शिकले ती तिथेच. नवरा मागे धावतोय, आणि गल्लीतली समस्त मंडळी पायऱ्यांवर बसून "ब्रेक, ब्रेक" म्हणून ओरडतायत. माझ्या मुलाचा पुढचा अर्धा दात त्या मातीत कुठेतरी आहे. संध्याकाळी पहिली पाळी सुटली की माणसं घरी डबा टेकवून सरळ तिकडेच जात. कुणी काही करायचं नाही, नुसतं उभं राहायचं.

रस्त्याच्या बाजूला एक लोखंडी पाटी होती. 'ही जागा खेळाच्या मैदानासाठी आरक्षित आहे.' आमच्या शेजारचे काका दर दोन-तीन वर्षांनी, दिवाळीच्या आधी, ऑइलपेंटचा छोटा डबा आणि बारीक ब्रश घेऊन त्या पाटीची अक्षरं पुन्हा रंगवायचे. काका सातपूरच्या एका कंपनीत टर्नर होते, सगळा जन्म लेथवर गेला. हात इतका स्थिर की अक्षराची कड कधी हलली नाही. "पाटी दिसली पाहिजे," ते म्हणायचे. "पाटी आहे तोवर कोणाची हिंमत नाही." त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, रंगाचे पैसे कोणी दिले नव्हते. रिटायर झाल्यावर ते रोज सकाळी ग्राउंडला फेऱ्या मारत, आणि फेरी संपली की पाटीपाशी क्षणभर थांबत. देवळापुढे थांबतात तसे.

मोजणीनंतर पंधरा दिवसांनी रस्त्याच्या बाजूने निळे पत्रे उभे राहिले. पत्र्यांवर बारा मजली इमारतीचं चित्र होतं आणि चित्रात झाडं भरपूर होती. काकांची पाटी कोणीतरी उपटून आमच्या गल्लीच्या तोंडाशी भिंतीला टेकवून ठेवली होती. फेकली नव्हती. नीट ठेवली होती.

त्याच संध्याकाळी दत्तमंदिराच्या ओट्यावर मीटिंग झाली. इतकी माणसं मी तिथे दत्तजयंतीलाही पाहिली नव्हती. सोसायटीचे सेक्रेटरी बोलले, दोन-तीन तरुण बोलले, आणि शेवटी सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. ते पुढारी नव्हते, चार माणसांत उभं राहून बोलायची सवय नव्हती. ते उठले आणि एवढंच म्हणाले, "पाटी होती. लिहिलेलं होतं. आपण कागद घेऊन विचारायला जाऊ." मी कंपनीत डिस्पॅचला आहे, मराठी टायपिंग येतं, म्हणून अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. दोन रात्री बसून मी दोन पानी अर्ज तयार केला. सह्या घरोघर फिरून गोळा केल्या. कोणीही नाही म्हटलं नाही. मग रविवारी मोर्चा निघाला, मुलांच्या हातात पुठ्ठ्यांचे फलक, आणि घोषणा, "आमची जागा, आमचं मैदान!" एका स्थानिक पेपरात फोटो आला. त्या आठवड्यात मला खरंच वाटत होतं की होईल.

मग काका, सेक्रेटरी आणि मी असे तिघं अर्ज घेऊन कचेरीत गेलो. कचेरीचं नाव घेत नाही. आमच्याशी तिथे कोणी वाईट वागलं नाही. नकाशे बघणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं, माझा अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग कपाटातून फाइल काढली, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"आरक्षण व्यपगत झालंय."

काकांनी चष्मा वर सरकवला. "म्हणजे काय झालंय?"

"म्हणजे उठलं. संपलं." त्यांनी आमचे चेहरे पाहिले आणि सावकाश समजावून सांगितलं. "ही जागा सरकारची कधीच नव्हती. शेतकऱ्याची होती. नकाशावर मैदानासाठी राखून ठेवलेली, पण मोबदला देऊन ताब्यात घेतलेली नाही. अशी बरीच वर्षं गेली की मालकाला नोटीस देता येते. एकतर विकत घ्या, नाहीतर मोकळी करा. मालकांनी तशी नोटीस दिली. इकडून मुदतीत काही निर्णय झाला नाही. मग आरक्षण आपोआप जातं."

"निर्णय का झाला नाही?" मी विचारलं.

"मॅडम, तेव्हा मी या टेबलवर नव्हते."

"मग कोण होतं?"

"ते रिटायर झाले."

सेक्रेटरी एकदम म्हणाले, "अहो, पण पाटी होती ना तिथे! आत्ता आत्तापर्यंत होती."

"पाटी काढायची राहून गेली असेल," बाई म्हणाल्या.

काका फाइलकडे बघत होते. "मागच्या दिवाळीला रंगवली," ते हळूच म्हणाले. बाईंना ते नीट ऐकू गेलं नाही. त्यांनी फाइल मिटली.

"पण नोटीस आली तेव्हा आम्हाला कोणी कळवायला नको?" मी विचारलं.

"तुम्हाला कसं कळवतील? तुम्ही मालक नाही ना." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. जसं आहे तसं सांगत होत्या. त्यामुळे त्यांच्यावर चिडताही आलं नाही.

जिना उतरताना काका तो शब्द दोन-तीनदा पुटपुटले. व्यपगत. खाली आल्यावर मला म्हणाले, "एवढं आयुष्य गेलं, हा शब्द कधी कानावर आला नव्हता." पुढे आम्ही एका वकिलांनाही भेटलो. त्यांनी कागद चाळले, उशीर झालाय म्हणाले, केस घालायची तर घालू पण आशा ठेवू नका म्हणाले. त्यांच्याकडून परत येताना रिक्षात काकांनाच सुचलं. "मूळ मालकाला भेटू या का? त्यांनी मनावर घेतलं तर बिल्डर अर्धी तरी जागा सोडेल."

मालक म्हणजे एक म्हाताऱ्या बाई निघाल्या; त्यांच्याकडे काका आणि मी दोघंच गेलो. कॉलनीपासून चालत पंधरा मिनिटांवर जुनं गावठाण आहे, शहर वाढत जाऊन चारी बाजूंनी वेढलेलं. इतक्या वर्षांत मी तिथे फक्त आमच्याकडची दळणाची गिरणी बंद असली तर गेले असेन. त्यांचं घर नवीन होतं, दोन मजली, पुढे चकचकीत स्टीलचं रेलिंग. बाई ओसरीत खुर्चीवर बसून शेंगा सोलत होत्या. कॉलेजला जाणारी नात होती, तिने आम्हाला बसायला सांगितलं.

"वावराचं बोलायला आले का?" बाईंनी आमच्याकडे न बघताच विचारलं.

आम्ही ज्याला ग्राउंड म्हणायचो त्याला त्या वावर म्हणत होत्या, हे समजायला मला क्षणभर लागलं. काका हो म्हणाले.

"तुमचा मोर्चा मी पाह्यला. हिच्या मोबाइलमधी. आमची जागा, आमची जागा, म्हनत होते."

  बाई शेंगा सोलत राहिल्या आणि सांगत गेल्या. आवाज चढला नाही की डोळ्यांत पाणी आलं नाही.

"माझं लगीन झालं तवा तिथं कोबी व्हायची. मंग टमाटे. हीर आमच्या मालकानं अन् दिरानं खांदली, आठ परस खोल. मी पोटुशी होते, तरी मातीच्या पाट्या वढल्या. पानी लागलं तवा आख्ख्या आळीला गूळ वाटला. मंग तो नकाशा आला. म्हनले, हितं पोरांचं मैदान व्हनार, काही बांधायचं नाय, इकायचं नाय, सरकार पैसे देईल. मालक वाट बघता बघता गेले. कोनी आलं नाय. ना पैसे द्यायला, ना जागा घ्यायला. मंग तुमची घरं झाली. मी दोन साल भुईमूग पेरला, तो तुमच्या पोरांनी उपटून खाल्ला. हाकलायला आले तर एक बाई मला म्हनती, मावशी, हे सरकारी ग्राउंड हाय, तुम्ही हितं शेती कशी करता?"

ती बाई दिसायला कशी होती, हे मी विचारलं नाही. माझ्या सासूबाई असू शकतील. पाटी वाचून मीही तेच म्हणाले असते.

"अन् एक सांगा," बाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. "आमची हीर कोनी बुजवली?"

काकांच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी खाली ठेवला.

"मी," ते म्हणाले. "म्हणजे होतो बरेच जण. पण पुढे मी होतो. लहान मुलं होती कॉलनीत."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "पानी व्हतं तिच्यात," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात बी राह्यचं."

"आम्हाला माहीत नव्हतं कुणाची आहे."

"इचारलं असतं तर सांगितलं असतं."

आम्ही तिथे काहीतरी मागायला गेलो होतो. काकांच्या तोंडून ते निघेना, म्हणून शेवटी मीच म्हणाले की निदान थोडी जागा मुलांसाठी सोडायला तुम्ही बिल्डरला सांगितलं तर.

"सह्या झाल्या बाई. पोरांनी केल्या, मी आंगठा दिला. आता मी सांगून कोन ऐकनार?" एवढं बोलून त्यांनी नातीला आत पाठवलं आणि कुंकवाचा करंडा मागवला. "सवाशीन हाय, तशीच कशी जाती? माझ्या हातचं चालंल ना?" कुंकू लावताना त्यांची बोटं माझ्या कपाळाला टेकली, खरखरीत, शेंगांची धूळ लागलेली. मला मान वर करवेना.

परतताना काका माझ्या दोन पावलं पुढे चालत होते. कॉलनीच्या कोपऱ्यावर आल्यावर फक्त म्हणाले, "आपण कधी विचारलंच नाही."

पुढची मीटिंग वाईट झाली. काका उभे राहिले आणि म्हणाले की आंदोलन चालू ठेवू, पण घोषणा बदलू. "मैदान राहिलं पाहिजे. पण आमची जागा म्हणू नका. आपली नव्हती. आपण वापरत होतो." ओट्यावर एकदम गलका झाला. सेक्रेटरींनी विचारलं, "काका, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?" मागून कोणीतरी ओरडलं, "उद्या बिल्डरलाच हार घालायला चला!" लोक हसले. काकांना पुढे बोलता आलं नाही. मी त्यांच्याबरोबर गावठाणात गेले होते, बाईंचं सगळं ऐकलं होतं. मी उठून तसं सांगायला हवं होतं. सगळे हसत होते आणि माझ्या बाजूला माझी जाऊ बसली होती. मी बसून राहिले.

चार दिवसांत बोलणं पसरलं की काकांना बिल्डरकडून फ्लॅट मिळणार आहे. काकूंनी ते गिरणीत ऐकलं. पिठाचा डबा तसाच कमरेवर घेऊन त्या माझ्या दारात आल्या. "त्यांच्याबद्दल असं बोलतात ग. त्यांच्याबद्दल."  मी त्यांना आत बसवलं आणि डबा उतरवून घेतला.

तरी धरणं सुरू झालं. रस्त्यापलीकडे कडुलिंब होता, त्याच्या सावलीत सतरंजी टाकून बसायचं, समोर पत्र्यांचं गेट. पहिल्या आठवड्यात चाळीसेक माणसं असायची, पाळ्या लावून. पोलीस यायचे, नावं लिहून घ्यायचे, "उन्हात बसू नका काका, चक्कर येईल," म्हणायचे. बिल्डरच्या ऑफिसातून एक गोड बोलणारा माणूस यायचा. त्याने आमच्यासाठी गार पाण्याचा जार ठेवला. आम्ही दोन दिवस त्याला हात लावला नाही, तिसऱ्या दिवशी ऊन इतकं होतं की प्यालो. मग त्या माणसाने सेक्रेटरींना बोलावून सांगितलं की इमारतीच्या कडेला एक पट्टा सोडतो, त्यात घसरगुंडी आणि झोपाळे बसवून देतो, कॉलनीच्या मुलांना मोकळीक राहील. कमिटीने ते कागदावर घेतलं आणि सोसायटीतर्फे आंदोलन मागे घेतलं. सेक्रेटरी मला म्हणाले, "काहीच न मिळण्यापेक्षा हे बरं. तुम्हीच सांगा, दुसरं काय हातात आहे?"  

त्यानंतर सतरंजीवर सहा जण उरले. मग तीन. काका सकाळपासून, काकू गुडघे चालू देतील तशा, आणि पहिली पाळी संपली की मी.  काका गेटकडे बघत बसायचे. एकदा मी विचारलं, "काका, आता कशासाठी बसायचं?" त्यांनी सतरंजीची दुमडलेली कड सरळ केली. मग म्हणाले, "उठून घरी गेलो तर घरी काय करू?"

मेच्या शेवटी देवळ्याला माझ्या भाच्याचं लग्न होतं. दोनच दिवस. मी जाऊ की नको करत होते. काका म्हणाले, "लग्न आहे, जा. मी आहे ना इथे." हळदीला नाचून, लग्नात जेवून, तिसऱ्या दिवशी दुपारी मी एसटीने परत आले. स्टॉपवरून गल्लीत वळले आणि आधी आवाज ऐकला, मग धूळ दिसली. पत्रे आता तिन्ही बाजूंनी आमच्या दारांपर्यंत आले होते. आत जेसीबी चालू होता. पत्र्यांच्या फटीतून पाहिलं, तर तो विहिरीच्या कोपऱ्यात खणत होता, तिथली माती भुसभुशीत म्हणून असेल. बकेट वर आली की तिच्यातून कॉलनीने टाकलेला राडारोडा निघायचा. आमच्या घरांच्या पायातले उरलेले दगड, फुटक्या फरशा, कुणाची तरी चुलीची वीट. दोन दिवसांनी खाली पाणी लागलं. ते उपसायला पंप लावावे लागले. आठवडाभर पाईप गटारीत सोडलेला होता आणि भर उन्हाळ्यात गटार स्वच्छ पाण्याने वाहत होती.

जेसीबी आला तेव्हा सतरंजीवर एकटे काका होते. काकूंनी सांगितलं की ते उठले आणि गेटसमोर जाऊन उभे राहिले. ड्रायव्हर खाली उतरला, त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "बाबा, सरका ना. मला काम करू द्या."  घरांच्या गॅलऱ्यांत लोक उभे होते. काकांनी एकदा मागे वळून गॅलऱ्यांकडे पाहिलं, आणि बाजूला झाले.

मी त्यांना भेटायला गेले तेव्हा ते पलंगावर बसले होते, हात मांडीवर. "मला कोणी ढकललं नाही," त्यांनी स्वतःहूनच सांगितलं. "मीच सरकलो."

"मी असते तर," मी म्हणाले.

"तर आपण दोघं सरकलो असतो," काका म्हणाले.

त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

इमारत दोन वर्षांत उभी राहिली. स्लॅब पडायचे त्या दिवसांत भांड्यांवर सिमेंटचा थर बसायचा, तो मी सकाळ-संध्याकाळ पुसायचे. मुलं आधी गल्लीत खेळू लागली, मग एका गाडीची काच फुटली, भांडणं झाली, आणि मग मुलं खेळेनाशी झाली. सोडलेला पट्टा खरंच सोडला, घसरगुंडीही बसवली. त्याला आतून कुलूप असतं, कारण नव्या इमारतीची सोसायटी खासगी आहे आणि आमच्या कमिटीने घेतलेल्या कागदावर तारीखच नव्हती, त्यामुळे तो कोणी मानत नाही. आता याबद्दल कॉलनीत कोणी मोठ्याने बोलत नाही. निम्मी कॉलनी सॅम्पल फ्लॅट बघून आली. सेक्रेटरींच्या धाकट्या मुलाने तिथे फ्लॅट घेतला, आणि त्यात त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. त्याला राहायला जागा हवी होती. मीही गेले होते बघायला, नवऱ्याबरोबर. गॅलरीतून खाली आमचं घर दिसलं, गच्चीवरची टाकी, दोरीवरचे माझेच गाऊन. विक्रीची मुलगी म्हणाली, "व्ह्यू छान आहे ना मॅडम?" मी हो म्हणाले.

गावठाणातल्या बाई एकदा रेशनच्या दुकानाबाहेर दिसल्या, नातीचा हात धरून उभ्या. त्यांनी मला ओळखलं. "झालं का बांधून?" त्यांनी विचारलं. मी झालं म्हणाले. "मी नाय गेले बघाया," त्या म्हणाल्या.  रांग पुढे सरकली.

काका फेऱ्या मारायला गच्चीवर जायचे. गच्ची लहान, वळायला लागायचं सारखं, चक्कर यायची, म्हणून तेही सुटलं. रस्त्यात लोक त्यांना नमस्कार करायचे, तेही करायचे, पण त्यांच्या ओट्यावर पूर्वीसारखं कोणी बसायला जाईना. फ्लॅटची ती गोष्ट खोटी होती, हे इमारत भरत गेली तसं सगळ्यांना आपोआप कळलंच. पण माझ्या माहितीत कोणी त्यांच्याकडे जाऊन तसं म्हटलं नाही. मीटिंगमध्ये मी का उठले नाही, हे मीही त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही, आणि आमच्यातलं बोलणं हळूहळू दूध आलं का, पाणी किती वाजता येणार, एवढ्यावर आलं.

मागच्या वर्षी त्यांची मुलगी दोघांना पुण्याला घेऊन गेली. काकूंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं होतं, पण सामान पाहिलं तेव्हाच कळलं की हे परत येणारं सामान नाही. काका टेम्पोत पुढे बसले. मी खिडकीपाशी गेले तर म्हणाले, "तुझ्या मुलाला सांग, नोकरीचं बघ म्हणावं, इथे अडकू नकोस." एवढंच. किल्ली काकूंनी माझ्या हातात दिली.

भाडेकरू अजून मिळालेला नाही. रविवारी मी त्यांचं घर उघडते, नळ सोडून बघते, केर काढते. मागच्या खिडक्या थोडा वेळ उघड्या ठेवते म्हणजे कुबट वास जातो. पुढच्या खिडकीसमोर पार्किंगची उंच भिंत आली आहे, तिच्यामुळे वाराही येत नाही आणि उजेडही नाही. ती खिडकी मी उघडायची सोडून दिली आहे.